मान मोकळी करणारी जकात

रमजान जवळ आला की हिंगोली, बसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा इथल्या घराघरांतून हिशेबाच्या वह्या बाहेर निघतात. दुकानातला माल किती, दागिने किती, बँकेत शिल्लक किती, लोकांकडून येणे किती आणि देणे किती, हे सगळे मांडले जाते. साडेबावन्न तोळे चांदीच्या निसाबाच्या वर जे काही भरते, त्याचे अडीच टक्के बाजूला काढले जातात. हा हिशेब आपण मोठ्या काटेकोरपणे करतो. वाटप मात्र सवयीने होते. दाराशी आलेल्या सफीरसाहेबांची पावती फाडायची, मोहल्ल्यातल्या चार-दोन विधवांच्या हातावर रक्कम ठेवायची, राशनच्या पिशव्या भरायच्या आणि फर्ज अदा झाले म्हणून निश्चिंत व्हायचे.

यातले एकही काम वाईट नाही. पण दिव्य कुरआनने सूरह तौबामध्ये (९:६०) जकातीचे आठ वाटेकरी सांगितले आहेत. गरीब, मिसकीन, जकात गोळा करणारे, ज्यांची मने जुळवायची आहेत ते, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातले, वाटसरू, आणि यांच्याच मध्ये एक शब्द येतो ‘रिकाब’. त्याचा शब्दशः अर्थ ‘माना’. ज्यांच्या मानेवर दुसऱ्याच्या मालकीचे जोखड आहे, त्यांच्या माना मोकळ्या करण्यासाठी जकातीत कायमचा वाटा ठेवला गेला. ‘आता गुलामी उरली नाही’ असे म्हणून हा वाटा आपण वाचतो आणि पुढे जातो.

मराठीत ‘मान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक खांद्यावरची, दुसरी प्रतिष्ठा. दानाने माणसाचे पोट भरते, हे आपण रोज पाहतो. पण दानाने पिढ्यान्‌पिढ्या खाली दाबलेल्या माणसाची मान मोकळी होऊन तो बरोबरीने बसू शकतो का? ज्या काळ्या वर्णाच्या लोकांनी जगात गुलामीचे सर्वांत मोठे ओझे वाहिले, त्यांच्या इतिहासात याचे उत्तर सापडते. त्या इतिहासाचा एक धागा आपल्या मराठवाड्यातूनही जातो.

काबागृहाच्या छतावरचा आवाज

ह. बिलाल (रजि.) यांची हकीकत आपल्या घरातल्या लहान मुलांनाही माहीत असते. उमय्या बिन खलफचा हबशी गुलाम, तापलेली वाळू, छातीवर ठेवलेला दगड आणि ओठांवर ‘अहद, अहद’. ह. अबू बक्र (रजि.) यांनी किंमत मोजून त्यांना सोडवले. इस्लामच्या इतिहासातील हे एक थोर दान.

मात्र आपण ही हकीकत बहुधा इथेच थांबवतो. खरे तर पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. सुटलेल्या बिलालना कुणाच्या उपकाराखाली कोपऱ्यात बसवले गेले नाही. मदिनेत अजानची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मक्का विजयाच्या दिवशी, हिजरी सन ८ मध्ये, कुरैशचे मोठमोठे सरदार खाली उभे असताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी काबागृहाच्या छतावरून अजान देण्यास त्यांनाच सांगितले. पुढे ह. उमर (रजि.) यांच्यासारखे खलीफा त्यांचा उल्लेख ‘आमचे सरदार’ असा करीत. म्हणजे आधी सुटका झाली, मग जबाबदारी मिळाली आणि मग सर्वांसमोर मान मिळाला. या तिन्ही पायऱ्या झाल्या तेव्हा ते दान पूर्ण झाले.

ह. सलमान फारसी (रजि.) यांच्या सुटकेत आणखी एक धडा आहे. मालकाने त्यांच्या मुक्ततेसाठी खजुराची ३०० रोपे लावून देण्याची आणि ४० औकिया सोन्याची अट घातली. कुणा एका धनवानाने ही सगळी किंमत भरली नाही. प्रेषितांच्या सांगण्यावरून कुणी तीस रोपे आणली, कुणी वीस, कुणी पंधरा, कुणी दहा. ज्याची जेवढी ऐपत तेवढी. खड्डे खणले गेले आणि प्रेषितांनी (स.) आपल्या हातांनी रोपे लावली. एका माणसाची मान मोकळी करण्यासाठी सगळी वस्ती कामाला लागली होती.

मराठवाड्यातला हबशी

आता आपल्या मातीकडे येऊ. छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, आणि त्याहीपूर्वीचे खडकी. हे शहर १६१० मध्ये वसवले मलिक अंबरने. तो इथिओपियात जन्मला, लहानपणीच विकला गेला, हातोहात फिरत दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखानही हबशी होता आणि एकेकाळी गुलामच होता. त्याच्या हाताखाली अंबर राज्यकारभार आणि लष्करी डावपेच शिकला. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले.

पुढे हाच अंबर निजामशाहीचा आधारस्तंभ झाला आणि मोगल फौजांना त्याने वर्षानुवर्षे रोखून धरले. खडकीसाठी त्याने खापरी नळ आणि भुयारी मार्गांनी पाणी आणणारी नहर-ए-अंबरी बांधली. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची ‘मलिकंबरी’ पद्धत महसुलाच्या इतिहासात आजही अभ्यासली जाते. १६२६ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर खुलताबादला आहे. उर्सला जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल.

एका मुक्त झालेल्या गुलामाने शहराला पाणी दिले, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण सोबत दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अंबर वर गेला, तरी गुलामांचा बाजार बंद झाला नाही. त्याच्या स्वतःच्या फौजेतही विकत घेतलेले हबशी मोठ्या संख्येने होते. हैदराबादला गेलेल्यांना ‘ए. सी. गार्ड्स’ ही वस्ती ठाऊक असते. तिचे नाव निजामाच्या आफ्रिकन घोडदळावरून पडले. ज्या निजामी राजवटीत १९४८ पर्यंत आपले हिंगोलीही होते, तिच्या पदरी आफ्रिकी वंशाचे शिपाई होते. पण शिपायांचे वंशज पुढे शहरातल्या साध्या, कष्टकरी वस्तीतच राहिले. एका गुणवंताला वर खेचल्याने त्याचा समाज आपोआप वर येत नाही. आपल्यातही एखादा मुलगा डॉक्टर झाला की सत्कार होतो, फेटा बांधला जातो, आणि त्याच गल्लीतली दहा मुले आठवीनंतर गॅरेजला लागतात, त्याची नोंद कुणी घेत नाही.

एका शिलिंगपासून पाच हजार शाळांपर्यंत

समाजच्या समाज उभा करणारे दान कसे असते, हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी दाखवले. १७८७ मध्ये, तिथे गुलामी जोरात असताना, फिलाडेल्फिया शहरात रिचर्ड अ‍ॅलन आणि अ‍ॅब्सलम जोन्स यांनी ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ स्थापन केली. दोघेही जन्माने गुलाम होते. अ‍ॅलन यांनी तर स्वतःच्या कष्टाच्या पैशांनी स्वतःची सुटका विकत घेतली होती. सभासदांनी दरमहा एक शिलिंग द्यायचा आणि त्यातून आजारी सभासदांना, विधवांना, अनाथ मुलांना मदत करायची, असा नियम होता. आज आपल्या महिला बचत गटात जसे चालते, साधारण तसेच. देणारेही तेच आणि घेणारेही तेच, त्यामुळे कुणाची मान खाली जाण्याचा प्रश्न नव्हता.

१८६५ मध्ये अमेरिकेत गुलामी कायद्याने संपली. या घटनेने आपल्या महाराष्ट्रातही एक माणूस हलून गेला. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सज्जनांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली, त्यांना अर्पण केले. पुण्यात बसून त्यांनी दूरच्या काळ्या माणसाचे दुःख ओळखले, कारण इथल्या शूद्रातिशूद्रांचे दुःख त्यांनी जवळून पाहिले होते. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात ज्या फातिमाचा मायेने उल्लेख येतो, ती आपल्यातलीच. शाळेच्या कामात तिने कष्ट दिले. तेही दानच होते.

कायद्याने गुलामी गेली, पण अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या मुलांसाठी धड शाळा नव्हत्या. बुकर टी. वॉशिंग्टन हे जन्माने गुलाम, पुढे टस्कीगी संस्थेचे प्रमुख. त्यांनी शिकागोचे ज्यू व्यापारी ज्युलियस रोझनवाल्ड यांच्यासमोर खेड्यांत शाळा बांधण्याची योजना मांडली. १९१२ मध्ये टस्कीगीच्या आसपास सहा शाळांपासून सुरुवात झाली. १९३२ पर्यंत दक्षिणेतील १५ राज्यांत जवळपास ५,००० शाळा उभ्या राहिल्या.

रोझनवाल्ड यांनी सगळे पैसे दिले नाहीत. गावाने आपला वाटा उचलायचा आणि सरकारनेही आपला भाग द्यायचा, अशी अट होती. वाटेकरी म्हणून राबणाऱ्या काळ्या शेतकऱ्यांनी कापसाच्या पिकातला हिस्सा दिला, जमीन दिली, लाकूड दिले, अंगमेहनत दिली. शेवटी हिशेब झाला तेव्हा रोझनवाल्ड निधीने सुमारे ४३ लाख डॉलर दिले होते, आणि त्या गरीब काळ्या लोकांनी मिळून सुमारे ४७ लाख. जगप्रसिद्ध दात्यापेक्षा घेणाऱ्यांनीच जास्त दिले होते. लेखिका माया अँजेलू आणि नागरी हक्क चळवळीचे नेते जॉन लुइस अशाच शाळांतून शिकले.

आणखी एक गोष्ट. आपला निधी कायम राहावा, आपले नाव शतकानुशतके चालावे, असा हट्ट रोझनवाल्ड यांनी धरला नाही. पैसा गरज आहे तेव्हाच खर्च व्हावा, असे त्यांचे मत होते. त्यांच्या निधीने सगळी रक्कम खर्च करून १९४८ मध्ये काम थांबवले.

या कामालाही मर्यादा होती. शाळा झाल्या, पण गोऱ्यांच्या वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या ही विषमता तशीच राहिली. काळ्या लोकांनी सरकारला कर भरला आणि वर शाळेसाठी वर्गणीही दिली. एकाच हक्कासाठी दोनदा किंमत मोजली. शाळांमधील ही वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य ठरवणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९५४ मध्ये, आणि त्यामागे दीर्घ लढा होता. दानाने माणूस लढण्याइतका सक्षम होतो, पण हक्क मागावाच लागतो.

शेजारचे सिद्दी आणि त्यांची गोधडी

आफ्रिकी वंशाचे लोक आजही आपल्या शेजारी आहेत. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या भागांत सिद्दी समाज राहतो. त्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत आणि हिंदूही आहेत. गोव्यातील पोर्तुगीजांच्या आणि इतरांच्या गुलामीतून निसटलेल्या अनेकांनी या जंगलांचा आसरा घेतला होता. पिढ्यान्‌पिढ्या शेतमजुरी, सावकाराचे कर्ज आणि रंगावरून टिंगल हेच वाट्याला आले.

१९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलामुलींना निवडून धावण्याचे प्रशिक्षण सुरू केले. मुले चमकू लागली. पण काही वर्षांतच योजना गुंडाळली गेली आणि अर्ध्यावर आलेली मुले पुन्हा गावी परतली. मध्येच हात काढून घेणारी मदत माणसाला अधिक खचवते, हे इथे दिसले. त्याउलट, २००३ मध्ये या समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, तेव्हा शिक्षण आणि नोकरीची वाट कायद्याने मोकळी झाली.

सिद्दी बायकांची ‘कवंदी’ आपल्या घरातल्या वाकळीसारखीच असते. जुन्या लुगड्यांचे, कपड्यांचे तुकडे कडेपासून जोडत जोडत मध्यापर्यंत आणायचे आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेले ‘फुला’ लावायचे. फुलाशिवाय कवंदी अपुरी मानतात. घरच्या पोराबाळांसाठी शिवलेल्या या गोधड्या अभ्यासकांच्या नजरेस आल्या, बायकांची सहकारी संस्था झाली आणि कवंदी विकल्या जाऊ लागल्या. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील काळ्या संस्कृतीच्या प्रसिद्ध शॉम्बर्ग केंद्रातही त्या मांडल्या गेल्या. तिथे त्यांच्याकडे दयेने पाहिले गेले नाही, कला म्हणून पाहिले गेले. शिवणाऱ्या हाताला दामही मिळाला आणि नावही.

आपल्याकडे कुणाच्या मानेवर जोखड आहे?

‘आमच्यात उच्च-नीच नाही,’ असे आपण सहज म्हणतो. मशिदीच्या सफेत ते खरेही आहे. पण लग्न जुळवताना काय होते? पिंजारी, छप्परबंद, फकीर, तांबोळी, बागवान, कुरेशी या बिरादऱ्यांची नावे तेव्हाच कशी आठवतात? गोरी सून शोधताना सावळ्या मुलीच्या आईवर काय बेतते? एका सहाबींनी रागाच्या भरात एकाला त्याच्या आईवरून हिणवले, तेव्हा अज्ञानकाळ अजून तुमच्यात शिल्लक आहे, अशा आशयाची समज प्रेषितांनी (स.) त्यांना दिली. अखेरच्या हजच्या वेळी तर गोऱ्याला काळ्यावर आणि काळ्याला गोऱ्यावर श्रेष्ठत्व नाही, तक्वा हाच निकष, हे सर्वांसमोर जाहीर झाले. ही समज आज आपल्यालाही लागू आहे.

जोखड आजही आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीला कुटुंबे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत कोयता सुटत नाही. आजारपण आले की उचल वाढते, पुढच्या हंगामाचे श्रम आधीच विकले जातात आणि मुलांची शाळा सुटते. कर्जापोटी श्रम बांधून घेण्याला १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने बंदी आहे. तरीही अनेकांच्या मानेवर ते ओझे आहे. वीटभट्टीवर तेच, खासगी सावकाराच्या दारात तेच. जामिनाची रक्कम भरता न आल्याने तुरुंगात अडकून पडलेल्या गरीब कच्च्या कैद्यांचेही तेच.

‘रिकाब’चा वाटा आज नेमका कुणाला लागू होतो, यावर उलमांची मते वेगवेगळी आहेत. पण कर्जात बुडालेल्या गरजवंताचा वाटा तर आयतीत स्पष्ट आहे. म्हणून आपल्या भागातील जाणत्या आलिमांना विचारून पुढील गोष्टी करता येतील.

पहिली, जकात आधी जवळच्यांना द्यावी. ह. मुआज (रजि.) यांना येमेनला पाठवताना प्रेषितांनी (स.) सांगितले होते की तिथल्या श्रीमंतांकडून घ्यावे आणि तिथल्याच गरिबांना परत द्यावे. हिंगोली जिल्ह्याची जकात आधी हिंगोलीच्या गरजूंपर्यंत पोहोचली पाहिजे. आई-वडील, मुले आणि पती-पत्नी वगळता गरजू भाऊ-बहीण, मामा-आत्या यांनाही ती देता येते आणि ‘ही जकात आहे’ असे सांगण्याची गरज नसते.

दुसरी, थोडी थोडी वाटण्यापेक्षा काहींना पुरेशी द्यावी. समजा चाळीस घरांनी प्रत्येकी पाच हजार रुपये एकत्र ठेवले. दोन लाख झाले. त्यात एखाद्या कुटुंबाची उचल पूर्ण फिटू शकते आणि दोन-तीन मुलींच्या नर्सिंग किंवा आयटीआयच्या शिक्षणाला मोठा आधार मिळू शकतो. तेच दोन लाख चारशे पिशव्यांत वाटले तर ईदनंतर पंधरा दिवसांत संपतात. पिशव्याही हव्यात, पण सगळी जकात पिशव्यांत जाऊ नये.

तिसरी, हनफी मसलकात जकात गरजूच्या मालकीची करून द्यावी लागते. तिला ‘तम्लीक’ म्हणतात. त्यामुळे वसतिगृहाची इमारत, अभ्यासिका, ग्रंथालय यांसाठी सदका, लिल्लाह किंवा वक्फ वापरावा, आणि जकात थेट विद्यार्थ्याच्या किंवा कर्जदाराच्या हाती द्यावी. हाती देणे म्हणजे त्याच्या निर्णयावर विश्वास ठेवणे. रक्कम देताना फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणे या विश्वासाच्या उलट आहे.

चौथी, घेणाऱ्यांना ठरवणाऱ्यांत बसवावे. आपल्या बहुतेक कमिट्यांवर तीच चार मोठी घरे असतात. ज्या वस्तीसाठी पैसा जातो, तिथली एक शिकलेली मुलगी, एक मजूर, एक विधवा बहीण कमिटीत का नसावी? अजान देण्याचा मान बिलाल (रजि.) यांना मिळतो, तर आपल्या बैठकीत एक खुर्ची द्यायला काय हरकत आहे?

पाचवी, दान करताना हक्क सोडू नये. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद केली आणि मौलाना आझाद फेलोशिपही थांबवली. जी जातीची प्रमाणपत्रे आहेत, राज्याच्या मौलाना आझाद आर्थिक विकास महामंडळाची जी कर्जे आहेत, त्यांचे अर्ज भरून देणारे दोन सुशिक्षित तरुण प्रत्येक मशिदीजवळ आठवड्यातून एक संध्याकाळ बसले, तर तोही सदकाच आहे. बंद झालेल्या योजनांसाठी अर्ज, निवेदने आणि पाठपुरावाही चालू राहिला पाहिजे.

या रमजानमध्ये वहीत एक नवा रकाना आखावा. गेल्या वर्षी ज्यांना दिले, त्यांपैकी किती जणांना यंदा घेण्याची गरज उरली नाही, ते त्यात लिहावे. शेजारी आणखी एक रकाना ठेवावा. त्यांच्यापैकी किती जण आता स्वतः जकात देऊ लागले, हे तिथे लिहायचे. पहिली काही वर्षे हे रकाने कदाचित कोरेच राहतील. तरी ते आखून ठेवावेत आणि दरवर्षी भरायला घ्यावेत. अल्लाह आपल्या देण्यात बरकत देवो आणि ज्यांना देतो त्यांची मान उंच करो. आमीन.